निनेव्हेचा ग्रंथसंग्राहक राजा

इराकच्या उत्तर भागांत तैग्रिस नदीच्या पश्चिम तीरावर मोसल शहराची जुनी वस्ती आहे. पूल ओलांडून पूर्वतीरास गेलें म्हणजे मातीच्या दोन विस्तीर्ण टेकड्या दृष्टीस पडतात. एकीस कुयुंजिक म्हणतात, दुसरीस नेबी यूनुस. दोहोंच्या मधून खोसर नांवाचा लहानसा प्रवाह वाहतो, आणि सभोंवतीं सुमारें १२ किलोमीटर लांबीच्या तटाचे अवशेष आहेत. असीरियन साम्राज्याची राजधानी निनेव्हे ती हीच.

इ. स. पूर्व ६६९ ते सुमारें ६३१ पर्यंत येथें अशूरबनिपाल राज्य करीत होता. त्याच्या भाषेंत हें नांव 'अशूर-बानि-अपलि' असें आहे; 'वारसाचा निर्माता अशूर' हा त्याचा अर्थ. अशूर हें त्यांचें कुलदैवत. संस्कृत जाणणाऱ्याच्या मनांत येथें आपला 'असुर' शब्द लगेच उभा राहतो. परंतु ती भाषा हिब्रू व अरबी यांच्या कुळांतील आहे, आणि वेदांतल्या 'असुर' शब्दाचें निकटचें नातें इराणी 'अहुर' शब्दाशीं आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून सोयरीक जुळविणें व्याकरण शिकलेल्यास शोभत नाहीं.

ग्रीकांनीं या नांवाचें 'सार्डानापालस' केलें, आणि त्यास स्त्रियांच्या घोळक्यांत रमणारा, अखेरीस स्वतःस जाळून घेणारा शेवटचा राजा ठरविलें. बायरन कवीनें १८२१ मध्यें त्यावर नाटकही लिहिलें. वस्तुतः तो शेवटचा राजा नव्हता, आणि विलासी तर नव्हताच. आपणांस लिहितां-वाचतां येतें, दुर्बोध सुमेरियन लेखही कळतात, याचा त्याला मोठा अभिमान होता. सिंहाची शिकार करतांनाच्या शिल्पांतही त्याच्या कंबरपट्ट्यांत लेखणी खोंवलेली दिसते!

बाबिलोनियांतील नगरांतून त्यानें ग्रंथ मागविले, कांहीं युद्धानंतर उचलून आणिले. शकुन, वैद्यक, स्तोत्रें, कोश, गिल्गमेशाचें काव्य, सर्व ओल्या मातीच्या फळ्यांवर काडीनें दाबून उमटविलेलें. जो कोणी ही फळी नेईल किंवा माझ्या नांवाच्या जागीं आपलें नांव लिहील, त्याचें नांव व वंश देव नष्ट करोत, असा शाप कित्येक फळ्यांच्या शेवटीं आहे.

इ. स. पूर्व ६१२ मध्यें मीड व बाबिलोनी सैन्यांनीं निनेव्हे जाळलें. मेण लावलेल्या लांकडी फळ्या त्या आगींत गेल्या. मातीच्या फळ्या मात्र विटेप्रमाणें भाजून अधिकच टिकाऊ झाल्या. अडीच हजार वर्षांनीं, १८४९ नंतर लेयार्ड व मूळचा मोसलचाच रस्साम यांनीं त्या खणून काढल्या. तीस हजारांहून अधिक फळ्या व तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. लेयार्डला तत्पूर्वीं निमरूद येथें सांपडलेल्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गें लंडनला गेल्या होत्या. १८७२ मध्यें जॉर्ज स्मिथ यास निनेव्हेच्या एका फळीवर जलप्रलयाची कथा आढळली. शतपथ ब्राह्मणांतील मनु-मत्स्यकथा ज्यास ठाऊक आहे, त्यास ती वाचतांना नौका ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू. याच राजानें एलामची सुसा नगरी लुटून उजाड केली, तेथील राजांचीं थडगीं उकरून अस्थि नेल्या, आणि हें पराक्रम म्हणून लिहून ठेविलें. एका शिल्पांत तो द्राक्षमंडपाखालीं राणीसह पेयपान करीत आहे आणि शेजारच्या झाडास एलामच्या राजाचें मस्तक टांगलेलें आहे. ग्रंथांच्या सहवासानें मन मृदु होतें अशी आम्हां शिक्षकांची श्रद्धा असते. निनेव्हे त्या श्रद्धेस प्रश्न विचारतें, आणि त्याचें उत्तर सोपें नाहीं.

नेबी यूनुसवरील प्राचीन मशीद जुलै २०१४ मध्यें 'इस्लामिक स्टेट'च्या लोकांनीं सुरुंगानें उडविली. २०१७ मध्यें मोसल मुक्त झालें, तेव्हां तिच्याखालच्या भुयारांत अशूरबनिपालाचा पिता एसरहद्दोन याच्या राजवाड्याचे अवशेष दिसून आले. देशोधडीस लागलेले असीरियन ख्रिस्ती लोक आजही मुलांचीं नांवें अशूर, सार्गोन अशीं ठेवतात. त्यांनीं १९८८ मध्यें अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरास अशूरबनिपालाचा पुतळा दिला. त्याच्या एका हातांत सिंहाचा छावा आहे आणि दुसऱ्यांत लेख कोरलेली फळी.

वाचकांपैकीं कोणास लंडनला जाण्याचा योग आला, तर ब्रिटिश म्युझियममध्यें त्या फळ्या अवश्य पाहाव्यात आणि द्राक्षमंडपाचें शिल्पही पाहावें. एक पाहून दुसरें टाळूं नये.