बांधावरचं वळण

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गवत काढायला परवा ट्रॅक्टर आला. जुळे सोलापुरात असे प्लॉट अजून उरलेत. कधीकाळची रानंच ती. रोटाव्हेटर फिरला आणि डिझेलच्या धुरासोबत काळ्या मातीचा वास थेट गॅलरीत आला. कंपाउंडच्या भिंतीपाशी ड्रायव्हरनं एकच ब्रेक दाबला, आतलं चाक जागीच थांबलं आणि ट्रॅक्टर गर्रकन वळला. गॅलरीत उभ्या उभ्या माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, एकेका मागच्या चाकाचं एकेक. बांधाशी वळताना त्यातलं एकच दाबायचं. रस्त्यावर मात्र दोन्ही कडीनं जोडायची. वेगात एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर उलटतो. मंद्रूपकडच्या आमच्या रानात मला शिकवलं ते आमच्या गड्यानं, मी त्यांना मामा म्हणायची. रस्त्यावर चढायच्या आधी ते खाली वाकून ती कडी लावायचे. प्रत्येक वेळी, स्वतःच्या हातानं. बाकी शिकवणं थोडकंच. "चाकाकडं बघू नको गं, पलीकडच्या लिंबाकडं बघ." क्लच दाबायचा तर मला सीटवरून उठून, स्टिअरिंगला खालून धरून सगळा भार पायावर द्यावा लागे. पण लिंबावर नजर ठेवली की तास सरळ पडायचं.

ट्रॅक्टर तांबडा, मॅसी फर्ग्युसन 1035. त्या नावातला फर्ग्युसन म्हणजे आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन. पूर्वी नांगर मागं नुसता ओढला जाई. खडकात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो ड्रायव्हरवरच उलथायचा. फर्ग्युसननं नांगर तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकवर उचलता केला, आणि 1939 मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवरून ती जोडणी सगळीकडं पोचली. 1960 मध्ये मद्रासला टॅफे निघाली आणि ते नाव आपल्याकडं आलं. मामा लिफ्टचा दांडा दोन बोटांनी ओढून नांगर उचलायचे, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दहावीला गेले आणि माझं ट्रॅक्टरवर बसणं बंद झालं. लायसन्सला अठरा पूर्ण लागतात, हे घरचं कारण खरंच होतं. पण त्याच उन्हाळ्यात धाकटा भाऊ त्या सीटवर बसला. ते मी विसरलेले नाही.

आमच्या घरच्या आप्पांनी मात्र ट्रॅक्टरला कधी हात लावला नाही. त्यांची खिलार जोडी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात विकली गेली, त्यानंतरही नाही. बैलांचा नांगर बांधाला खेटून फिरे. ट्रॅक्टर कितीही तोडून वळवला तरी कोपरे राहतातच. नांगरट झाली की आप्पा कुदळ घेऊन चारही कोपरे खणायचे. हरळी तिथूनच रानात शिरते, म्हणायचे. तिच्या काशा मुळापासून ओढून काढायचे, बांधावर उन्हात पसरायचे, वाळल्या की पेटवायचे. काशीचा पेरभर तुकडा मागं राहिला तरी तो फुटतो. रोटाव्हेटर तर हरळीचे तुकडेच करत जातो आणि रानभर पसरतो.

आता भाऊ एकरावर भाड्याचा ट्रॅक्टर सांगतो. कोपरे खणलेस का, असं मी दर उन्हाळ्यात फोनवर विचारते. मजूर मिळत नाहीत, म्हणतो. आप्पांनी कोपऱ्यांसाठी कधी मजूर लावला नव्हता, हे त्याला मी दर वेळी ऐकवते.