ओवीची गोधडी

मराठीत सुई ओवतात आणि ओवी गातात. या दोन शब्दांचे नाते अभ्यासकांनी जोडले आहे: शब्दांना एका सुरात ओवते ती ओवी. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या आपल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी हाच छंद स्वीकारला आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ओवी जात्यावर बसली, पाळण्याशी बसली, पुराणातही बसली, हे आपण जाणतो. ती गोधडीशीही बसत असे, याची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही.

मला ती आठवण एका पत्राने झाली. माझी भाची अमेरिकेत राहते. तिकडे गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांच्या मंडळ्या असतात. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या 'मॉडर्न क्विल्ट गिल्ड'च्या शाखा तर आता कितीतरी गावांत आहेत. या आधुनिक गोधड्यांत नक्षीची गर्दी नसते. मोजके रंग, सरळ रेषा आणि पुष्कळ मोकळी जागा, ही त्यांची ओळख. अशा मंडळ्या आपल्या सभासदांना अधूनमधून एखादे आव्हान देतात. भाचीच्या मंडळीचे आव्हान होते: आपले आवडते गाणे निवडा आणि त्याची गोधडी करा. "आत्या, तुमच्या शहापूर-मुरबाडच्या बायका कोणते गाणे निवडतील?" असे तिने शेवटी विचारले होते.

या दोन तालुक्यांत मी अठरा वर्षे शिकवले. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या वाटेपर्यंतचा हा मुलूख भाताचा, सागाचा आणि धो धो पावसाचा आहे. हिवाळ्याच्या रात्री घाटावरून वारा उतरतो आणि कुडाच्या भिंती त्याला अडवत नाहीत. म्हणून इथे गोधडी ही हौस नव्हे. तिला पुष्कळजणी वाकळ म्हणतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, तेव्हा टोपातल्या भांड्यांबरोबर वाकळेची वळकटी निघते. भट्टीवरचे घर काही महिन्यांचे असते. वाकळ मात्र घरचीच असते.

वाकळ शिवायची ती भाताची कामे आटोपल्यावर आणि पावसाच्या आत, कारण आषाढात धुतलेले कापड वाळत नाही. जुने नऊवारी लुगडे धुऊन, उसवून घ्यायचे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. एका लुगड्यात खालचा आणि वरचा थर सहज निघतो. सारवलेल्या अंगणात पहिला थर ताणून अंथरायचा, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मध्ये फाटके धोतर, सदरे, चिंध्यांचे थर पसरायचे आणि वर उरलेले लुगडे ओढायचे. मग चार बाजूंना चौघी बसतात आणि काठापासून आत आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्याकडे सरकतात. चौघींचे टाके सारखे पडले नाहीत तर कापड एका बाजूला ओढले जाते आणि वाकळ कायमची वाकडी होते.

चार वेगळ्या हातांचे टाके सारखे कसे पडतात, हे मी किन्हवलीजवळच्या एका पाड्यावर एका म्हाताऱ्या आजींना विचारले होते. त्या म्हणाल्या, "बाई, गाना थांबला का टाका वाकडा." एवढेच त्यांचे उत्तर. एक बाई ओवी उचली, बाकीच्या तिला झेलत, आणि त्या लयीत सुई खाली जाई, वर येई. म्हणजे गाण्यावरून गोधडी करणे ही इथे नवी कल्पना नव्हतीच. प्रत्येक वाकळ गाण्यावरूनच होत असे; फक्त ते गाणे डोळ्यांना दिसत नसे.

'होत असे' म्हणावे लागते, कारण विजेची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. जात्याबरोबर पहाटेची ओवी गेली. सुती लुगडे जाऊन गोल साडी आली, तीही कृत्रिम धाग्याची. त्या कापडावरून सुई घसरते, ते घाम टिपत नाही आणि धुऊन मऊ होत नाही. बाजारात छापील फुलांची ब्लँकेटे स्वस्त मिळू लागली. जाते आणि लुगडे ही दोन्ही गेल्यावर ओवीने कुठे बसावे?

भाचीचे पत्र घेऊन मी त्याच पाड्यावरच्या बचत गटाकडे गेले. सहाजणी तयार झाल्या. आवडते गाणे म्हणजे काय, यावरच पहिली दुपार गेली. एकीने विचारले, "आवडता म्हंजे गोड का खरा?" मला उत्तर सुचले नाही, आणि मी न बोलल्यामुळे जिला जे वाटले ते तिने निवडले.

सर्वांत तरुण सुनेने मोबाइलवरचे सिनेमाचे गाणे निवडले. सासवा हसल्या. तिने स्वतःच्या लग्नातल्या चमकत्या साडीचे तुकडे कापले. ते निसटू लागले, तेव्हा त्याच हसणाऱ्या सासूने त्यांखाली जुन्या धोतराचा तुकडा धरायला शिकवले. त्या दोघींना मी एवढा वेळ एकत्र बसलेले पूर्वी पाहिले नव्हते.

दुसरीने पाण्याची ओवी घेतली. हंडा, घाट आणि वाट यांच्यावरच्या ओव्या या भागात अमाप आहेत. तिची वाकळ जवळजवळ सगळी मातकट आणि पिवळी झाली, जुन्या खाकी सदऱ्यांची आणि हळदी पातळांची. निळा तुकडा फक्त एका कोपऱ्यात, वीतभर. पुढे शहरातल्या एका प्रदर्शनात ती टांगली गेली. एका बाईंनी कौतुकाने विचारले, "पाण्याचे गाणे आहे, मग निळा रंग एवढाच?" ती म्हणाली, "बाकीचा निला मुंबैला गेला, ताई." तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, नंतर मोडकसागर आणि भातसा आले. मुंबईच्या नळांना पाणी देणारे हे जलाशय शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत, आणि चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. शाळेत हा पाठ मी भूगोल म्हणून शिकवला होता. तिने तो एका कोपऱ्यात शिवला.

तिसरी वाकळ त्या आजींची. त्यांनी भावाची ओवी निवडली. मराठी स्त्रीच्या ओव्यांत आईच्या खालोखाल जागा भावाला असते: त्याची वाट पाहणे, त्याने आणलेली चोळी, त्याच्या घोड्याचा नसलेला थाट. आजी गात होत्या आणि बाकीच्या खाली मान घालून शिवत होत्या. कारण सगळ्यांना ठाऊक होते की काही वर्षांपूर्वी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर भावाने आजींचा अंगठा घेतला होता आणि त्यानंतर भाऊबीज बंद झाली होती. महाराष्ट्रात वडिलार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारा कायदा १९९४ सालीच झाला. २००५ साली तो देशभर आला. पण कायद्याने दिलेला वाटा हक्कसोडीच्या कागदावर एका दुपारीत सुटतो. शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीला भाव आला, आणि असे कागद घरोघरी झाले.

न राहवून मी विचारले, "आजी, तरी भावाचेच गाणे?" आजींनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "ओवीतला भाव वेगला, सातबाऱ्यावरचा भाव वेगला." मग त्यांनी शेवटच्या भाऊबिजेला आलेले पातळ काढले. ते त्यांनी एकदाही नेसले नव्हते. त्याचा चौकोन मध्यभागी ठेवला, आणि चारी बाजूंनी येणारे टाके त्याच्या काठाशी थांबवले. मधला चौकोन टाचलेला, पण आतून कोरा. भाचीच्या पत्रातल्या मोकळ्या जागेचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ओवीने जे बोलायचे नसते, ते तिथे होते. त्या वाकळेला प्रदर्शनात चांगली किंमत येत होती. आजींनी ती दिली नाही.

या सहा वाकळा पाहताना मला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी भगिनी आठवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि आपल्यासारखे कॅथलिकही आहेत. त्यांची 'कवंदी' अशीच जुन्या कपड्यांची, काठापासून मध्याकडे शिवत नेलेली. कॅथलिक सिद्दी स्त्रिया कधी तिच्यावर क्रूस शिवतात. चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची 'फुले' लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. ती फुले ऊब देत नाहीत. तरी ती लावतात, कारण गरिबाच्या अंथरुणालाही शोभा असावी, असे मला वाटते.

गाणी जतन करण्याचे मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहात प्रसिद्ध होत आहेत. त्यांतील प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले, ही मला त्यातली सर्वांत आदराची गोष्ट वाटते. गोधडीवर मात्र नाव नसते. ती कोणाच्या लुगड्याची, कोणाच्या हातची, कोणत्या गाण्यावर शिवलेली, हे सांगणारी गेली की ती नुसती चिंध्यांची चवड उरते आणि मुले ती माळ्यावर टाकतात.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी चवड असेल. बाप्तिस्म्याला बाळाला गुंडाळायचे दुपटे आजीच्या मऊ लुगड्याचेच असावे, हा रिवाज पुष्कळ घरांनी पाळला आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत ती गोधडी उन्हात घाला, आणि घरातल्या सर्वांत वयस्क स्त्रीला तिच्याजवळ बसवून एकेका तुकड्याबद्दल विचारा: हे कोणाचे, हे कधीचे, हे शिवताना काय म्हणत होतात? ती गाऊ लागली तर लिहून घ्या आणि खाली तिचे नाव घाला. गप्प राहिली तर तिथेही थांबा. सगळ्याच चौकोनांत टाके घालायचे नसतात. आणि जमल्यास एक नवी गोधडी शिवायला घ्या. सुती कापड अजून मिळते. चार बाजूंना चौघी लागतात. लेकी, सुना, आणि का नव्हे, मुलगेही. भावाच्या हातात सुई दिली तर बहिणीची ओवी तो निदान पुरती ऐकेल.