मधल्या सीटवरून

म्हाताऱ्या माणसाला वऱ्हाडात नेऊ नये, हे माझं मत आजचं-कालचं नव्हतं. एसटीच्या स्टेअरिंगवर हयात गेली. लग्नसराई आली की प्रासंगिक कराराच्या गाड्या डेपोतून आमच्या माथी मारल्या जायच्या. लोक महामंडळाची अख्खी बस लग्नाला भाड्यानं घेत, अजूनही घेतात. त्यामुळे दुसऱ्यांची वऱ्हाडं मी इतकी वाहिली की स्वतःच्या घरच्या लग्नाचंही अप्रूप उरलं नव्हतं.

निघायची वेळ सातची ठरलेली असायची आणि गाडी हलायची साडेनऊला. करवली तयार नाही, कुणाच्या मामाची चप्पल सापडत नाही, केळीचे खुंट टपावर बांधायचे राहिलेत. या सगळ्या गोंधळात सर्वांत आधी गाडीत आणून बसवलेली असायची ती घरातली म्हातारी. खिडकी तिला मिळायची नाही, खिडक्या पोरांच्या. तिची जागा चाकावरच्या सीटवर, मांडीवर आहेराच्या साड्यांची पिशवी. डोक्यावरच्या आरशात ती मला सारखी दिसायची. तोंड किंचित उघडं, डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक खड्ड्याला मान डुलायची. लघवीला थांबा म्हणायची चोरी, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नसायचा. एखादा जाणता कंडक्टर असला तर तोच आपण होऊन विचारायचा, “आजी, उतरायचं का?” मी मनात म्हणायचो, कशाला आणली हिला? दोन अक्षता घरून टाकल्या असत्या तर लग्न काय लागलं नसतं?

हे मत घेऊनच मी २००६ साली निवृत्त झालो. एसटी आणि मी एकाच वर्षाचे. १ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली गाडी सुटली तेव्हा मी पाळण्यात होतो. म्हणजे आता मी स्वतःच त्या चाकावरच्या सीटच्या वयाचा झालोय. म्हणून नातीचं लग्न ठरल्यावर घरात जाहीर करून टाकलं की मी येणार नाही. व्हिडिओ कॉल लावून द्या, इथूनच आशीर्वाद देतो.

मुलगी आम्ही इंदूरला दिलेली. होळकरांच्या काळापासून तिथं स्थायिक झालेल्या मराठी घरांपैकीच एक घर ते. त्यामुळे नातीचं लग्नही तिकडंच. नाशिक ते इंदूर रस्ता साधारण चारशे किलोमीटरचा. कागदावर आता तो धुळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६० आणि पुढे ५२ आहे. आम्ही अजून आग्रा रोडच म्हणतो. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही तर पंच्याहत्तरीच्या पुढचे, एसटीनं फुकट जाल.” ती अमृत योजना २०२२ ची आणि तिची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, हेही त्याला माहीत नाही. हद्दीपुढचं तिकीट मी काढलं असतं हो. पण माझा विरोध तिकिटाला नव्हताच.

खरा विरोध खलघाटच्या पुलाला होता. घरात हे कुणाला बोललो नव्हतो, इथं सांगतो.

बायकोनं मला समजावण्याच्या फंदात पडायचंच नाही असं ठरवलं. “तुम्ही राहा,” म्हणाली. “डबा लावून देते. मी जाते.” एवढं बोलून तिनं बॅग काढली आणि त्यात फक्त स्वतःच्या साड्या भरायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत मी माझं धोतर इस्त्रीला दिलेलं होतं.

अटी मात्र घातल्या. रात्री गाडी चालवायची नाही. एका दिवसात रेटायचं नाही, वाटेत मुक्काम करायचा. आणि मी पुढे बसणार. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरी फेटाळली गेली. मी शेजारी बसलो की माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो आणि चालवणाऱ्याचा जीव घाबरा होतो, असं नातवाचं म्हणणं. त्याची गाडी सात सीटची. पुढे तो आणि त्याचा बाप, मागे सूनबाई सामानासकट, मधल्या रांगेत आम्ही दोघं, दोघांनाही खिडकी.

पहिलं थांबणं चांदवडला. रेणुकामातेचं देऊळ हमरस्त्यालाच आहे, तिथं पूर्वीही हात जोडायचो, पण स्टेअरिंगवरूनच. गावातला होळकरांचा रंगमहाल मी या वेळी पहिल्यांदा पाहिला. उभ्या नोकरीत चांदवड किती वेळा लागलं असेल! पण ड्रायव्हर गाडी सोडून जात नाही. पॅसेंजर देव बघतात, ड्रायव्हर टायर बघतो. लाकडी खांबांवरचं कोरीव काम बघत असताना बायको म्हणाली, “म्हणजे आपल्या पोरीच्या सासरचाच वाडा की!” अहिल्याबाईंची ही बाजू मला कधी सुचली नव्हती. जन्म नगर जिल्ह्यात चौंडीला, १७२५ चा. राज्य केलं महेश्वराहून. म्हणजे माहेर गोदावरी-भीमेकडचं आणि सासर नर्मदेवर. आमची मुलगीही त्याच रस्त्यानं गेली.

राहुडचा घाट उतरताना माझा पाय दाबला गेलाच. नातवानं आरशातून बघितलं आणि हसला. पोरगा घाट बरा उतरतो, गिअरवर गाडी धरतो. हे मी त्याला सांगितलं नाही. लगेच सांगायचं नसतं.

धुळं सोडल्यावर सोनगीर. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं हे गाव. गाडीतून जातानाही हातोड्यांचा आवाज यायचा, तो मला पाठ. थांबलो मात्र कधी नव्हतो. नातीला आहेर म्हणून मुलानं पाकीट तयार ठेवलं होतं, सूनबाईंनी मिक्सर सुचवला होता. मी म्हटलं, घागर घ्यायची. दुकानदारानं तीन घागरी पुढे मांडल्या. मठारलेल्या घागरीच्या अंगावर ठोक्यांची खवलं एका ओळीत, सारख्या मापाची पडलेली असतात. मी बोट फिरवून पाहिलं. एके ठिकाणी ओळ चुकली होती, तिथं दोन ठोके एकमेकांवर चढले होते. दुकानदार म्हणाला, “बाबा, ही हातची आहे म्हणून चुकली. मशीनची हवी तर ती बघा.” घागर काट्यावर चढली, वजनावर भाव झाला. घेतली ती चुकलेलीच. बायकोनं बुडावर नातीचं नाव घालून घेतलं. तेवढा वेळ आम्ही बाकड्यावर बसून चहा प्यायलो आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही. वऱ्हाडाच्या प्रवासात असं मी कधी पाहिलं नव्हतं.

सावळद्याला तापी ओलांडली, शिरपूर मागे पडलं. जेवणानंतरची सुस्ती, बाहेर कापसाची वेचणी चाललेली. मी खिडकीला टेकून गावं ओळखत होतो. इथं पूर्वी फाट्यावर वडाचं झाड होतं, तिथं एक टपरीवाला मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला पहाटे चहा द्यायचा, या वळणावर पावसाळ्यात हमखास चिखल. मजेत होतो अगदी. तेवढ्यात नातवाचा आवाज आला, “आबा, त्रास होतोय का? थोडं थांबू?”

म्हटलं, मला? कसला त्रास?

वर पाहिलं तर आरसा. आरशात एक म्हातारा. तोंड किंचित उघडं, डोळे अर्धे मिटलेले, खड्ड्याला मान डुलतेय.

मी काही बोललो नाही. पण मग त्या चाकावरच्या सीटवरच्या बाया एकामागून एक आठवायला लागल्या. कोण जाणे, त्यांतली एखादी खिडकीतून स्वतःचं माहेरचं गाव शोधत असेल. एखादी लेकीच्या लग्नाला याच वाटेनं बैलगाडीत बसून गेलेली असेल. म्हातारपणी तोंडाचे स्नायू सैल पडतात, आनंद झाला तरी चेहरा दुःखीच दिसतो, एवढी साधी गोष्ट. आरशात बघून मी त्यांच्या वतीनं निकाल देत आलो होतो. मला त्यांची कणव यायची ती खरी होती. पण घरी ठेवायला हवं होतं हा निष्कर्ष माझा, त्यांचा कधीच नव्हता. त्यांना खिडकी हवी होती, थांबा हवा होता, पाणी हवं होतं. घर नको होतं.

बिजासनीच्या घाटात देवीला नारळ फोडला. तिथं ट्रकवाले थांबतातच. सेंधव्याच्या पुढं मी गप्प झालो. बायकोला कारण माहीत असावं.

१८ जुलै २०२२. इंदूरहून अमळनेरला निघालेली आमच्या महामंडळाची गाडी खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत पडली. चालक-वाहकांसह डझनभर माणसं गेली. त्या दोघांची आणि माझी ओळख नव्हती, पण खाकीची ओळख असतेच. त्या दिवसापासून त्या पुलावरून जायचं नाही असं मी मनाशी धरलं होतं. नातीच्या लग्नाला नाही म्हणण्यात म्हाताऱ्या माणसांच्या हालांचं कारण होतं, नाही असं नाही. पण त्याच्या आडोशाला ही भीतीही बसलेली होती.

नातवाला पुलावर थांबू दिलं नाही. पुलावर गाडी उभी करणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. पलीकडे गेल्यावर बाजूला घेतली आणि खाली नदीपर्यंत आलो. बायकोनं पाण्यात नाणं टाकलं. नातू शेजारी उभा राहिला. मी त्याला अपघाताचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि त्यानं विचारलं, “आबा, तुम्हाला चालवताना भीती वाटायची?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पोरं विचारायची, गाडी किती पळवायचात? बायको विचारायची, जेवलात का? मी म्हणालो, “वाटायची. रोज वाटायची. मागे पन्नास माणसं बसलेली असताना ज्याला वाटत नाही, त्यानं गाडी चालवू नये.” त्यानं मान हलवली आणि पुढं इंदूरपर्यंत पोरगा ऐंशीच्या वर गेला नाही. घरात दोन खोल्यांपलीकडे राहणारं पोर, पण हे बोलणं घरात झालं नसतं. आणि पत्रिकेत आशीर्वाद देणाऱ्यांत नाव छापून मी नाशिकला बसलो असतो तर नदीवरही झालं नसतं.

त्या रात्री महेश्वरला मुक्काम केला. धामनोदहून आत वळावं लागतं, पण फार लांब नाही. घाटावर बसलो, सूनबाईंनी माहेश्वरी साड्या पाहिल्या आणि अपेक्षेपेक्षा एक जास्त घेतली. सकाळी मानपूरचा घाट चढून दुपारच्या आत इंदूर.

लग्नाचं फार सांगण्यासारखं नाही, लग्न लग्नासारखं झालं. मुहूर्त बाराचा होता, मंगलाष्टकं सुरू झाली एकला. डीजेच्या आवाजानं माझं कानाचं यंत्र कुंईं करायला लागलं, ते काढून खिशात ठेवलं. पोहे-जिलेबी मात्र झकास. मामानं भाचीला मांडवात आणलं, घागर सगळ्यांनी उचलून पाहिली. विहीणबाईंनी ती मिक्सर-ओव्हनच्या ढिगात न ठेवता बाजूला ठेवायला सांगितली. नातीनं पाया पडताना विचारलं, “आबा, एसटीनं आलात?” मी म्हटलं, “नाही गं, पॅसेंजर म्हणून आलो.”

मांडवाबाहेर मुलाकडच्यांच्या दोन खाजगी बसा उभ्या होत्या. मी चालकांची चौकशी केली. एक जण रात्रभर चालवून आला होता आणि त्याच रात्री परत निघणार होता. तो अजून जेवला नव्हता. त्याला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि मुलाच्या काकांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते ऐकून घेतले, मुक्काम एका रात्रीनं वाढवला. माझी सगळी मतं बदलली नाहीत, हे लक्षात यावं म्हणून सांगतो. रात्रीचं वऱ्हाड हा वेडेपणाच आहे, उशिराचा मुहूर्त हा उद्धटपणाच आहे. बदललं ते एकच.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांना सांगणं एवढंच. आजी-आजोबांना घरी ठेवू नका. मागच्या चाकावर बसवू नका, मधे बसवा आणि खिडकी द्या. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा, त्यांनी सांगायची वाट पाहू नका. औषधं आणि पाणी डिकीत नको, हाताशी ठेवा. गाडी दिवसाच काढा. आणि पंगत बसली की आधी चालकाला जेवायला घाला, नंतर त्याला झोपायला एक खोली द्या.