आजीच्या माहेश्वरीचा बॅनर

आमच्या इंदूरच्या मंडळाच्या वेबसाइटचा बॅनर करताना मी पोत म्हणून आजीची जुनी माहेश्वरी साडी घेतली. कागद, लाकूड, दगड यांचे तयार पोत इंटरनेटवर ढिगाने मिळतात. पण ते कुणाच्याही बॅनरवर शोभतात.

साडी खिडकीशी पसरून तिरप्या उजेडात फोटो काढला. तिरप्या उजेडात धागान् धागा उठून दिसतो. मग गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो कृष्णधवल करून फिकट पिवळ्या रंगावर ठेवला. थराचा मोड ‘मल्टिप्लाय’ केला, की पांढरा भाग दिसेनासा होतो आणि विणीच्या सावल्या तेवढ्या उरतात.

खरी कसोटी देवनागरीची. दाट पोतात अनुस्वार हरवतो, शिरोरेषा तुटल्यासारखी दिसते. मंडळाचं नाव तर ज्येष्ठांनाही मोबाइलवर वाचता यायला हवं. म्हणून साडीचा थर २५ टक्क्यांवर आणला, अक्षरं गडद मरून ठेवली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट असावा, हा वेबवरचा मान्य नियम. काठ मात्र कडेला, अक्षरांपासून दूर, पूर्ण ठसठशीत.

साडी घड्यांवर विरत चालली आहे. तुमच्याही कपाटात अशी एखादी असेल. आजीला विचारून तिचा फोटो आताच काढून ठेवा.