चार बोलींची पेठ

सोलापूरच्या नव्या पेठेत सायंकाळी शिरावे, म्हणजे डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक काम पडते. गिऱ्हाईक भाव विचारते मराठीत. दुकानदार नोकराला हाक मारतो कानडीत. पायरीवर बसलेली आजी नातवाला तेलुगूत समजावते, आणि हमाल दखनीत वाट मागतो. दुभाषी कोणालाच लागत नाही. जवळ बोलवायचे तर मराठी 'ये', कानडी 'बा', तेलुगू 'रा' आणि दखनी 'आ'. चारही शब्द एकेका अक्षराचे! मात्र खेड्यातील मराठीत 'राहा'चा 'ऱ्हा' होतो. तेव्हा तेलुगू आजीने 'रा' म्हटले, तर नवखा मराठी मुलगा जागीच थांबायचा.

हा मेळ आजकालचा नव्हे. ग्रामदैवत सिद्धेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची वचने कानडीत आहेत. जवळच हत्तरसंग-कुडल येथील मंदिरात १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. १८७७ साली येथे कापडगिरणी निघाली. ती केव्हाच बंद पडली. भाषा मात्र नांदत राहिल्या.

या सहवासातून शहराची स्वतःची बोली घडली. "काय करलालास बे?" यात 'करू लागला आहेस' दडलेले आहे, आणि 'बे' म्हणजे हिंदी-दखनीतला 'अबे'. परक्यास तो उद्धट वाटतो. येथे तो जिवलग मित्राच्याच वाट्यास येतो. दूर आफ्रिकेत, नैरोबी शहरी, स्वाहिली व इंग्रजी मिसळून तरुणांनी अशीच एक बोली घडविली. तिचे नाव 'शेंग'. सोलापूरकरास ते ऐकून शेंगाचटणीच आठवेल!

परंतु येथला मुलगा शिकण्यासाठी पुण्यास जातो, तेव्हा त्याच्या पहिल्याच 'करलालो'ला वर्ग हसतो. हसणाऱ्यांच्या ताटातले 'तूप' कानडीतून आले आहे, 'अण्णा' आणि 'अक्का'ही तिकडूनच आले. उलट आपला 'नको' दखनीत 'नक्को' होऊन थेट हैदराबादेस नांदतो आहे. हे त्यांच्या गावीही नसते. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहावी, हे योग्यच. ती महाराष्ट्रभर समजते. पण हा मुलगा साधे पाणी मागण्यापूर्वीही वाक्य मनात तपासू लागतो, आणि हळूहळू गप्प होतो. रात्री आईशी दूरध्वनीवर बोलताना तो आधी खोलीचे दार लोटून घेतो.