डी फॉर डोंबिवली

ऑटोमॅटिक गाडी घेतली की दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला लगेच, ‘चला, डावा पाय रिटायर झाला!’ आणि दुसरा साधारण वर्षभराने, ‘सॉफ्टवेअर बदलून घे रे, गाडी उडेल!’

पहिल्या सल्ल्याबद्दल वाद नाही. डोंबिवली ईस्ट ते वागळे इस्टेट असं अप-डाऊन ज्याने क्लच दाबत केलंय, त्याच्या गुडघ्याला विचारा. दुसऱ्याबद्दल मात्र जरा बोलायला हवं. कारण तो मला ऑफिसच्या कँटीनमध्ये मिळालाय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिळालाय आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता मिळालाय.

आमची गाडी एएमटी. म्हणजे आतला गिअरबॉक्स साधाच, मॅन्युअलवालाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्याऐवजी एक यंत्र बसवलेलं आणि त्याला हुकूम सोडायला एक छोटासा कॉम्प्युटर. त्याचं नाव टीसीयू, ट्रान्समिशन कंट्रोल युनिट. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार भारतात पहिल्यांदा आला आणि ऑटोमॅटिक ही फक्त बंगलेवाल्यांची चैन राहिली नाही. वन बीएचकेवाल्यांच्या ईएमआयमध्येही बसायला लागली.

सगळं छान चाललं होतं. अडचण होती मुंब्रा बायपासची.

तो एक क्षण

शिळफाट्याकडून बायपासला लागलात की चढ सुरू होतो. पुढे कंटेनर, तो रांगतोय. उजवीकडे जरा जागा दिसते, तुम्ही पेडल दाबता… आणि गाडी एक क्षण विचार करते. करू का? खालचा गिअर टाकू का? बरं, टाकते. कागदावर हा क्षण काहीच नाही. पण आरशात मागचा डंपर मोठा मोठा होत असतो, तेव्हा तो फार लांब असतो.

गाडी आठवड्यातले तीन दिवस बायको नेते. तिचं ऑफिस घोडबंदर रोडला. एका शुक्रवारी तिने घरी येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “अरे, मी पाय दाबते तेव्हा ही बाई विचार करत बसते. मी आता लोकलनेच जात जाईन.”

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणं म्हणजे काय, हे जिला कॉलेजपासून माहितीये, ती आपणहून लोकल म्हणाली! मामला सीरियस होता. गाडीचे दोन वर्षांचे हप्ते बाकी होते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिचा गाडीवरचा भरवसा उडाला होता. तो सर्व्हिस सेंटरमध्ये मिळत नाही.

तेव्हा मी पंगतीतला सल्ला पहिल्यांदा नीट मनावर घेतला.

लॅपटॉपवाला काय करतो?

फंडा तसा सोपा आहे. टीसीयूमध्ये एक तक्ता असतो. एका बाजूला पेडल किती दाबलंय ते, दुसऱ्या बाजूला गाडीचा स्पीड. दोन्ही जिथे भेटतात तिथे ठरतं, गिअर वर न्यायचा की खाली आणायचा. वर जायची रेघ वेगळी, खाली यायची वेगळी आणि दोन्हींत मुद्दाम ठेवलेलं अंतर. ते नसतं तर गाडी चढावर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत बसली असती.

रिमॅप करणारा लॅपटॉप जोडतो आणि या रेघा सरकवतो. क्लच किती झटकन पकडायचा, गिअर बदलताना इंजिनाचा जोर किती कमी करायचा, गिअरबॉक्समध्ये जास्तीत जास्त किती टॉर्क जाऊ द्यायचा, हेही अनेक गाड्यांत बदलता येतं.

मग कंपनीने हे आधीच का केलं नाही? ते काय येडे आहेत?

अजिबात नाहीत. आपणच शोरूममध्ये पहिला प्रश्न काय विचारतो? “किती देते?” तो मायलेजचा आकडा येतो प्रयोगशाळेतून. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या पॅटर्नने पळवतात. त्या पॅटर्नमध्ये टॉप स्पीड ९०. चढ नाही, कंटेनर नाही, मध्येच घुसणारा रिक्षावाला नाही. तिथे गिअर लवकर वर टाकला, इंजिन कमी फिरवलं की आकडा मस्त येतो. शिवाय धुराचे नियम पाळायचे, क्लच टिकवायचा, वॉरंटी निभवायची. इतक्या जणांना खूश ठेवणारं सॉफ्टवेअर मुंब्रा बायपासला थोडं बावचळणारच.

सगळे ऑटोमॅटिक सारखे नसतात

माझ्या एका कलीगने त्याच्या टर्बो पेट्रोल गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही रिमॅप करून घेतलं. त्याची गाडी डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली. एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं की फरक खरंच जाणवतो. मी स्वतः शेजारी बसून पाहिलंय, सॉलिड पळते. (अर्थात संध्याकाळी तीन हात नाक्याला आम्ही दोघं शेजारी शेजारीच उभे असतो, हा भाग वेगळा.)

एएमटीत मात्र क्लच एकच. गिअर बदलायचा तर तो सुटणार आणि तेवढा वेळ चाकांना ताकद मिळणार नाही. तुमच्या-माझ्या मॅन्युअल गाडीतही हेच होतं, फक्त तेव्हा आपला पाय कामात असतो म्हणून कळत नाही. सॉफ्टवेअर हा वेळ कमी करू शकतं, शून्य नाही.

आणि बिल फक्त पैशांचं नसतं. टीसीयूच्या प्रोग्रॅमला हात लागला हे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला अनेक गाड्यांत कळतं आणि मग गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते. विमा कंपनीला न कळवलेला बदल ऐन क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलंय. कलीगची वॉरंटी संपली होती, हौस होती. आमची वॉरंटी चालू होती आणि हौसेच्या खात्यात बॅलन्स नव्हता.

तिला समोरचं दिसत नाही

मग एका रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघं बायपासला गेलो. ती चालवत होती, मी शेजारी. तिसऱ्या फेरीला तीच म्हणाली, “अरे, हिला समोरचं दिसतच नाहीये. माझा पाय हलल्यावरच हिला कळतं.”

बस्स! सगळं यातच आलं. टीसीयूला पेडल कळतं, स्पीड कळतो, इंजिनाचे फेरे कळतात. पुढे चढ येतोय, कंटेनर आहे, उजवीकडे जागा होणार आहे, हे तिला कळायला मार्ग नाही. ते आपल्याला दिसतं. मग आधी सांगायचं कुणी? आपणच की!

सांगायचा रस्ता कंपनीने दिलेलाच आहे. लिव्हरवरचं ते प्लस-मायनस, म्हणजे मॅन्युअल मोड. चढ लागायच्या आधी, ओव्हरटेकचा विचार मनात आला की लगेच एक गिअर खाली. मग पाय दाबला की गाडी निघते. विचार आधीच करून झालेला असतो! तिने त्या दिवशी बायपासच्या सहा फेऱ्या मारल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत मी चक्क बाहेरची खाडी बघत होतो.

त्यानंतर गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. क्लच झिजत जातो तशी त्याची पकड सुरू होण्याची जागा सरकते. ती जागा टीसीयूला नव्याने शिकवता येते. शिवाय कंपनीने स्वतः सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली असेल तर तीही टाकून मिळते, वॉरंटीला धक्का न लावता. आमचे पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले धक्के तिथेच बरेच कमी झाले.

सोमवारी सकाळी मी चहा घेत होतो. बायकोने टेबलावरची किल्ली उचलली आणि म्हणाली, “आज तू जा लोकलने.”

रिमॅपच्या आधी एवढं तरी करा

* गिअर बदलतोय असं वाटलं की पेडलवरचा पाय किंचित सैल करा. एएमटीची मान डोलवायची सवय निम्मी कमी होते.
* कल्याणला पत्रीपुलाच्या चढावर रांगेत उभे असाल तर गाडी ब्रेकवर धरा, ॲक्सिलरेटरवर नको. ॲक्सिलरेटरवर धरलीत की क्लच तापतो.
* कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्याला चिकटून इंच इंच सरकू नका. ते सरकणं म्हणजे हाफ क्लचच. गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा.
* स्पोर्ट मोड असेल तर चढाला आणि हायवेला जरूर वापरा. कंपनीने स्वतःच करून दिलेला रिमॅप आहे तो, तोही फुकट!
* सर्व्हिसला गाडी देताना क्लचचं री-लर्निंग आणि सॉफ्टवेअर अपडेट हे दोन शब्द जॉबकार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.
* एवढं करूनही महिन्याभराने गाडी आळशी वाटली आणि वॉरंटी संपलेली असेल, तर लॅपटॉपवाल्याकडे बिनधास्त चौकशीला जा. फक्त आधी दोन प्रश्न विचारा: जुनी फाइल जपून ठेवणार का आणि पीयूसीत गाडी पास होणार का? उत्तर द्यायला तो अडखळला, तर चहा पिऊन घरी या.