बटण दाबण्याआधी

कॅमेऱ्याने टिपलेला आणि आज शिल्लक असलेला जगातला सर्वांत जुना फोटो एका खिडकीतून काढलेला आहे. फ्रान्समधल्या आपल्या घरातून निसेफोर निएप्स यांनी तो १८२६-२७च्या सुमारास घेतला. डांबराचा लेप दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला निदान आठ तास लागले असावेत, असं मानतात. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, म्हणून त्या फोटोत समोरासमोरच्या भिंती दोन्हीही उन्हात दिसतात. फोटोग्राफीची सुरुवातच वाट बघण्यातून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण या छंदाने मला जे दिलं, ते बहुतेक सगळं बटण दाबण्याआधीच्या वेळात दिलं.

माझ्या लहानपणी घरात काकांचा अगफा क्लिक थ्री होता. १२०च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. ऊन आहे की ढगाळ, एवढंच ठरवायचं. मागच्या इवल्याशा लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत रोल फिरवायचा. बारा म्हणजे बारा. त्यामुळे गणपतीत सगळे नटूनथटून अंगणात जमले, तरी काका आधी एकटेच फेरी मारून यायचे. सावली कुठे पडते, कुणाच्या डोळ्यांवर ऊन येतं, मागे वाळत घातलेले कपडे तर नाहीत ना, हे बघायचे. ‘‘थांबा, ऊन जरा उतरू दे,’’ म्हणायचे. आम्ही पोरं चुळबुळ करायचो, पण थांबायचो. मग रोल धुऊन येईपर्यंत पुन्हा थांबायचं.

कॉलेजात असताना पस्तीस एमएमचा जुना कॅमेरा हातात आला. त्याला प्रकाश मोजायची सोय नव्हती. तेव्हा जुन्या फोटोग्राफरांचा ठोकताळा पाठ केला : लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ-१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याच्या जवळपास, म्हणजे शंभरच्या फिल्मला सेकंदाचा सव्वाशेवा भाग. ढग आले की छिद्र एक घर उघडायचं, सावलीत आणखी. या हिशेबाने डोळ्यांना एक वळण लागलं. एसटीच्या खिडकीत बसले तरी मी ऊन मोजायची. स्वयंपाकघरात दुपारी चारला उतरता प्रकाश ओट्यावर येतो आणि तांब्याच्या हंड्याला खालून उजळतो, हे घर माझंच असून मला तेव्हा कळलं. कॅमेरा कपाटात असला, तरी बघणं चालूच राहिलं.

कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळावर मी पहाटे गेले होते. काहिलीतला रस उकळत होता, चुलवाणात चिपाडं पडत होती आणि वाफेने छप्पर भरून गेलं होतं. समोरचं काहीच धड दिसेना. फोटो नंतर बघू म्हणून मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवला आणि एका कडेला उभी राहिले. गुळव्याचं रसावरून लक्ष हलत नव्हतं. वर आलेली मळी काढून तो गप्प उभा राहायचा. बुडबुडे आधी बारीक होते, मग मोठे झाले, रंग पालटला, वासही बदलला. त्याने थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून बघितली आणि मान हलवली : अजून नाही. त्याच वेळी कुडाच्या फटीतून उन्हाची तिरीप वाफेत शिरली. त्याचे हात, त्या बोटांतली गोळी आणि पाण्याचं भांडं, एवढंच उजळलं. मी एक फोटो काढला. आल्या आल्या बटण दाबत सुटले असते, तर मला फक्त वाफ मिळाली असती. तो पाकाची वाट बघत होता, मी उन्हाची.

आता मोबाइलमुळे रोल संपायची भीती नाही. ही सोय मोठी आहे. ज्या घरांत पिढ्यानुपिढ्या एकही फोटो नव्हता, तिथे आज आजीचा हसरा चेहरा आहे. पण बघण्याचं काम आपण फोनवर सोपवू लागलो आहोत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना संग्रहालयात नेऊन काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. मात्र ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन टिपायला सांगितलं होतं, त्यांची आठवण शाबूत राहिली. न टिपलेल्या भागाचीसुद्धा. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. लक्ष देऊन काढलेला फोटो आठवण जपतो.

वारीत चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं, तेव्हा सगळे कॅमेरे अश्वाच्या मागे धावतात. मी अलीकडे अश्व गेल्यावर थांबते. माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. एखाद्या माउलीला विचारून, दोन शब्द बोलून फोटो काढावा. तिने नको म्हटलं, तर नुसतं बघावं. न काढलेले असे कितीतरी फोटो माझ्याजवळ आहेत आणि ते फिके पडलेले नाहीत.

तुमच्या हातातला फोन या साधनेला पुरेसा आहे. पुढच्या वेळी तो वर उचलण्याआधी ऊन कुठून येतंय ते बघा, समोरच्या माणसाचा चेहरा नीट बघा आणि मग एकच फोटो काढा. जमलाच, तर तो कागदावर छापून त्या माणसाच्या हातात द्या.